सूचनाफलकांचीं स्मरणें

मराठींत आठवणींचें वाङ्मय थोडें नाहीं. स. वि. बापट यांनीं लोकमान्य टिळकांच्या आठवणी तीन खंडांत एकत्र केल्या, तेव्हां अनेकांनीं आपापल्या वांट्याचे टिळक त्यांत आणून ठेवले. ते खंड वाचणारास एक गोष्ट लवकरच उमगते : आठवण खोटी नसली तरी ती सांगणाराच्या उंचीएवढीच असते. हा धडा मनांत ठेवून आज आम्ही एका अगदीं निराळ्या विषयाकडे वळतों. टेलिफोनच्या तारेवरून चालणारे जे संगणकी सूचनाफलक अमेरिकेंत १९७८ पासून सुमारें १९९५ पर्यंत भरभराटीस होते, त्यांच्याविषयीं आतां एक लहानसें स्मरणवाङ्मय तयार झालें आहे. त्यांतील तीन कृति आम्हीं विचारासाठीं घेतल्या आहेत : हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचें ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ (१९९३) हें पुस्तक, जेसन स्कॉट यांचा ‘बीबीएस : द डॉक्युमेंटरी’ (२००५) हा आठ भागांचा माहितीपट, आणि केव्हिन ड्रिस्कॉल यांचा ‘द मॉडेम वर्ल्ड’ (२०२२) हा इतिहासग्रंथ. तिघांसही आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे : त्या फलकांवर जी आपुलकी नांदत होती असें सांगतात, ती माणसांच्या स्वभावांतून आली, कीं परिस्थितींतून?

ज्या वाचकांस हे फलक ठाऊक नाहींत, त्यांच्यासाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. जानेवारी १९७८ मध्यें शिकागो शहर हिमवादळानें कोंडलें गेलें असतां वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोघां हौशी मित्रांच्या मनांत आलें कीं, आपल्या संगणक-मंडळांत चिठ्ठ्या टोंचण्याचा जो फलक असतो, तोच यंत्रांत कां आणूं नये? एकानें आज्ञावली लिहिली, दुसऱ्यानें यंत्र जुळविलें. आणि १६ फेब्रुवारी १९७८ ही त्या पहिल्या फलकाची जन्मतिथि मानली जाते. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ‘बाइट’ मासिकांत दोघांनीं आपली कृति छापून सर्वांस खुली केली. मग ज्याच्या घरीं संगणक, मॉडेम व टेलिफोन होता, असा कोणीही आपला फलक मांडूं लागला. अशा गृहस्थास ‘सिसॉप’ म्हणत.

घरगुती फलकाला बहुधा एकच तार असे, म्हणून एका वेळीं एकच पाहुणा आंत येई. दुसऱ्यास तार गुंतल्याचा सूर ऐकून थांबावें लागे. ३०० बॉडच्या मॉडेमवर सेकंदास सुमारें तीस अक्षरें उमटत. शिवाय अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं गांवांतल्या गांवांत टेलिफोन करण्यास निराळा आकार पडत नसे, परगांवचा मात्र मिनिटामिनिटास पडे. म्हणून फलकावरील मंडळी बहुधा एकाच शहराची असे. हा अडसर ओलांडण्यासाठीं टॉम जेनिंग्ज यांनीं १९८४ सालीं ‘फिडोनेट’ काढलें. रात्रीं दर उतरल्यावर ठराविक वेळीं यंत्रें आपण होऊन एकमेकांस पत्रें पोंचवीत. पुढील दहाबारा वर्षांत या जाळ्यांत तीस हजारांहून अधिक फलक गुंफले गेले.

ऱ्हाइनगोल्ड यांचें पुस्तक खरें पाहतां स्मरण नव्हे. तो आंतल्या माणसानें आंत असतांनाच दिलेला वृत्तान्त आहे. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉसालिटो येथें सुरू झालेल्या ‘द वेल’ या मोठ्या, वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांत ते आरंभापासून वावरले. त्यांच्या लहान मुलीच्या डोक्यास गोचीड चिकटली, तेव्हां पत्नीनें डॉक्टरांस निरोप ठेवला व त्यांनीं आईबापांच्या चर्चेंत प्रश्न टाकला. डॉक्टरांचें उत्तर येण्यापूर्वींच त्यांस तेथें उपाय मिळाला होता. असे प्रसंग ऱ्हाइनगोल्ड फार जिव्हाळ्यानें सांगतात. त्यांचा मोठा गुण असा कीं, शेवटच्या प्रकरणांत ते स्वतःच्याच उत्साहास लगाम घालतात आणि उद्यां हीं माध्यमें व्यापारी व पाळत ठेवणारे यांच्या हातीं जातील, असा इशारा देतात. १९९३ सालीं ही शंका घेणारे थोडे होते. दोष एवढाच कीं, वर्गणी भरूं शकणाऱ्या सुशिक्षितांचें एक मंडळ पाहून त्यांनीं ‘समाज’ हा शब्द जरा सैल हातानें वापरला आहे.

स्कॉट यांचें काम निराळ्या जातीचें आहे. त्यांनीं सुमारें दोनशें माणसांस बोलतें केलें. बापटांच्या खंडांची आठवण आम्हांस झाली ती यामुळेंच. जुन्या फलकांवरील मजकूर बहुतेक नाहींसा झाला आहे. तबकडी लहान, म्हणून नवी पत्रें येतांच जुनीं पुसावीं लागत. अशा स्थितींत माणसाची आठवण हाच पुष्कळदां एकमेव पुरावा उरतो, आणि तो माणसाबरोबरच जातो. स्यूस २०१९ मध्यें व क्रिस्टेन्सन २०२४ मध्यें निवर्तले. दोघांचीही साक्ष या पटांत नोंदली गेली आहे. मात्र येथें बोलणारे बहुतेक सिसॉप व पुरुष आहेत. यजमानानें सांगितलेली मेजवानीची हकीकत गोड असावयाचीच. पानावर बसलेल्यास काय वाटलें, हें तींत कमी येतें.

तथापि या पटाचा ‘कॉम्प्रेशन’ हा भाग आमच्या प्रश्नास थेट भिडतो. मजकूर दाबून लहान करण्याची ‘आर्क’ ही पद्धति टॉम हेंडरसन यांच्या छोट्या घरगुती कंपनीची. फिल कॅट्झ यांनीं तीच पद्धति अधिक वेगानें चालविणारी आज्ञावली काढली. हेंडरसन यांच्या कंपनीनें १९८८ सालीं नक्कल केल्याचा दावा लावला. तो तडजोडीनें मिटला व कॅट्झ यांस रक्कम द्यावी लागली. परंतु फलकांवर निराळाच निवाडा झाला. बलाढ्य कंपनी एका गरीब हुशार तरुणास छळते, अशी कथा फलकाफलकांवरून पसरली, हेंडरसन यांच्यावर रोषाचा भडिमार झाला, आणि लोकांनीं त्यांची पद्धति टाकून कॅट्झ यांची नवी ‘झिप’ उचलली. कॅट्झ २००० सालीं, चाळिशीही गांठण्यापूर्वीं, वारले. त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकणें आतां शक्य नाहीं. पण स्कॉट यांनीं हेंडरसन यांस बोलावयास लावलें, यांत त्यांची न्यायबुद्धि दिसते. ज्या काळास सुवर्णयुग म्हणतात, त्या काळींही जमाव होता व जमावाचा अन्यायही होता.

ड्रिस्कॉल हे इतिहासकार. इंटरनेटची रूढ कथा सरकारी संशोधनाच्या जाळ्यापासून निघून एकदम वेबवर येते आणि मधले हजारों घरगुती फलक गाळते, ही त्यांची तक्रार योग्य आहे. त्यांच्या पुस्तकांतील सर्वांत मोलाचा भाग एड्सच्या काळाचा. सॅन फ्रान्सिस्कोंत बेन गार्डिनर यांनीं या रोगाच्या माहितीचा फलक चालविला. उघडपणें विचारतां न येणारा प्रश्न तेथें घरबसल्या, नांव न सांगतां विचारतां येई. रोग्यास समाज दूर लोटीत असतां एक खासगी टेलिफोन त्याच्यासाठीं उघडा होता, हें वाचून मन भरून येतें. ड्रिस्कॉल यांची भाषा मात्र पंडिती आहे; आपला पक्ष मांडतांना ते कधीं कधीं साक्षीदाराऐवजीं वकील होतात.

आतां मूळ प्रश्न. आमच्या मतें त्या आपुलकीचा मोठा वांटा परिस्थितीचा होता. मंडळी एका शहराची असल्यानें आज ज्याच्याशीं भांडावयाचें तो उद्यां प्रत्यक्ष भेटण्याचा संभव असे. तार एकच, म्हणून वेळ जपून वापरावी लागे. आणि घर दुसऱ्याचें असल्यानें पाहुण्यास पाहुण्यासारखें वागावें लागे. फिडोनेटवरून तींच माणसें गांवाबाहेर बोलूं लागतांच हेंडरसन यांच्यासारख्यांची काय गत झाली, तें वर सांगितलेंच आहे. यावरून त्या पिढीचा स्वभाव आपल्याहून थोर होता, असें सिद्ध होत नाहीं. पण सर्वच श्रेय परिस्थितीला देणेंही चुकीचें होईल. टेलिफोनचा दर सर्वांस सारखाच होता. रोग्यांसाठीं फलक उघडण्याचें मात्र थोड्यांनाच सुचलें. परिस्थितीनें अंगण दिलें, दिवा कोणीतरी लावावा लागला.

आमच्याकडे हा टप्पा बहुतांशीं आलाच नाहीं. जेथें घरच्या टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, तेथें तो केवळ गप्पांसाठीं रात्रभर कोण गुंतविणार? विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सार्वजनिक केलें, तेव्हां अमेरिकेंतील फलक मावळूं लागले होते. परंतु परदेशांतील मराठी मंडळी यूजनेटवर रोमन अक्षरांत मराठी लिहीत होती, आणि १९९६ सालीं अमेरिकेंतच ‘मायबोली’चा आरंभ झाला. त्या पहिल्या वर्षांचे साक्षीदार आज आपल्यांत आहेत. त्यांच्या आठवणी कोणी गोळा करणार असेल, तर त्यानें ऱ्हाइनगोल्ड यांचा जिव्हाळा घ्यावा, स्कॉट यांच्याप्रमाणें दुसऱ्या बाजूसही विचारावें, आणि ड्रिस्कॉल यांच्याप्रमाणें गाळलेल्यांस जागा द्यावी. केवळ यजमानांस विचारून न थांबतां, जे येऊन मुकाट्यानें वाचून जात किंवा दुखावून निघून गेले, त्यांनाही तो शोधील, तर हें काम आमच्या वाङ्मयास भूषण होईल. तें लवकर व्हावें, एवढीच आमची इच्छा आहे.