अधिजनुकीय बदल आणि अल्झायमर रोग : कारण की परिणाम?

अल्झायमर रोगाची कारणमीमांसा दीर्घकाळ जनुकांभोवती फिरत राहिली. १९९३ मध्ये एपोई-४ या जनुकरूपाचा या रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. तथापि हे रूप असूनही अनेकांना रोग होत नाही आणि नसूनही अनेकांना होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अधिजनुकशास्त्राचा आधार घेतला जातो. डीएनएचा अक्षरक्रम न बदलता मेथिलीकरणामुळे वा हिस्टोन प्रथिनांतील बदलांमुळे जनुकांचे कार्य मंदावते अथवा वाढते, हे या शास्त्राचे मूलभूत प्रतिपादन होय.

या संदर्भात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एकसमान जुळ्या भावांचा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. त्यांपैकी एकास अल्झायमर जडला, दुसरा त्यापासून मुक्त राहिला. रुग्ण भावाचा कामानिमित्त कीटकनाशकांशी दीर्घ संपर्क होता आणि त्याच्या चेतापेशींत मेथिलीकरण कमी आढळले. उदाहरण लक्षवेधी असले, तरी एका जोडीवरून सिद्धान्त उभा राहत नाही.

२०१४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांना रुग्णांच्या मेंदूत एएनके-१ या जनुकाजवळ मेथिलीकरणातील बदल आढळले. त्यांपैकी एका गटाने ७०८ मेंदू तपासले होते. मात्र हे सर्व परीक्षण मरणोत्तर होते. शिवाय मेंदूच्या तुकड्यात विविध पेशी मिसळलेल्या असतात. २०१७ मध्ये पेशी वेगळ्या करून पाहिल्या असता एएनके-१ ची वाढलेली अभिव्यक्ती चेतापेशींत नव्हे, तर मेंदूतील संरक्षक सूक्ष्मपेशींत दिसून आली. त्यामुळे हा बदल रोगाचे मूळ आहे की रोगाला शरीराने दिलेला प्रतिसाद, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

उंदरांवरील प्रयोग याहून पुढे जातात. २०१२ मध्ये एचडीएसी-२ या विकराचे प्रमाण घटवल्यावर त्यांची स्मरणक्षमता सुधारली. परंतु अशा विकरांना रोखणारी उपलब्ध औषधे बहुधा एकाच वेळी अनेक जनुकांवर परिणाम करतात. म्हणून उंदरांवरील हे यश थेट मानवी उपचारांना लागू करता येत नाही.

अधिजनुकीय बदल परतवता येतात, या विधानाचा मोह म्हणूनच धोकादायक ठरतो. त्यातून कुटुंबीयांना अकाली आशा दाखवली जाते आणि रुग्णाच्या जीवनशैलीवर रोगाचे खापर फुटते. जनुके म्हणजे विधिलिखित नव्हे, हे सांगणाऱ्या शास्त्राने रुग्णास दोषी ठरवण्याचे साधन होऊ नये. जिवंत व्यक्तींचा रोगपूर्व काळापासून दीर्घकालीन अभ्यास होईपर्यंत, हे बदल रोगाशी निगडित आहेत, एवढाच निष्कर्ष ग्राह्य मानावा लागेल.