श्रीवर्धनची सुपारी आणि कराराची भाषा

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला, मार्च २००० मध्ये अमलात आला. त्यात मोठ्याचा समजूतदारपणा आहे : शुल्क उतरवायला भारताने स्वतःसाठी तीन वर्षे घेतली, श्रीलंकेला आठ दिली. तत्त्व योग्यच. खोट आहे ती 'मोठा' आणि 'लहान' हे शब्द फक्त देशांना लावण्यात. मोठ्या देशातच रायगड किनाऱ्यावरचा, वाडीत रोठा सुपारी पिकवणारा बागायतदारही असतो. करारात त्याला जागा नाही.

कळीचा भाग मूळ देश ठरवणाऱ्या नियमांचा. सवलत हवी तर शेतमाल भागीदार देशातच पिकलेला हवा. पण सोललेली सुपारी आपले गाव सांगत नाही. सांगतो तो दाखला. इंडोनेशियाची सुपारी श्रीलंकेची म्हणून आणल्याची प्रकरणे महसूल गुप्तचरांनी उघडकीस आणली. धाकट्यासाठीची सवलत तिसऱ्यानेच लाटली. वनस्पती तुपाचे त्याआधी तेच झाले होते : पामतेल बाहेरचे, कारखाने बव्हंशी भारतीय गुंतवणुकीचे, शिक्का श्रीलंकेचा. तिथल्या शेतकऱ्याच्या पदरात तरी काय पडले?

मूळ देशाची खातरजमा आयातदारावर टाकणारे सीमाशुल्क नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आडव्या केल्या होत्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपारीची किमान आयात किंमत किलोला २५१ वरून ३५१ रुपये झाली. तिचा लाभ आधी उभी बाग असलेल्यांना, म्हणजे मुख्यतः कर्नाटकाला. पडलेल्या वाड्यांत तेव्हा रोपे कोवळी होती.