वेषबदल आणि ‘अपघात’ : ‘ला रेग्ल द्यू जू’चा शेवट

ज्याँ रन्वारचा ‘ला रेग्ल द्यू जू’ (१९३९) महायुद्धाच्या उंबरठ्यावरील फ्रेंच अभिजनवर्गाचे चित्र म्हणून वाचण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे चित्रपटाच्या रचनेतील एक मूलभूत गोष्ट दुर्लक्षित राहते. आरंभी पडद्यावर बोमार्शेच्या ‘फिगारोचा विवाह’ (१७८४) या नाटकातील ओळी येतात आणि शेवटी त्याच नाटकाच्या पाचव्या अंकाची जणू पुनर्रचना होते : रात्र, उद्यान, मालकीण व दासी यांच्या वस्त्रांतून होणारी गफलत, मत्सरग्रस्त पुरुष.

साम्य येथेच संपते. बोमार्शेच्या नाटकात सरदारपत्नी आणि सुझान परस्परांची वस्त्रे परिधान करतात, ती ठरवून. वेषबदल हे तेथे ज्ञानाचे साधन आहे. सरदाराचा दंभ उघडा पडतो, त्याला क्षमा मागावी लागते. रन्वारकडे असा बेत कोणाचाच नाही. बाहेर थंडी आहे म्हणून क्रिस्तीनच्या अंगावर लिझेत या दासीचे टोपी असलेले प्रावरण येते. ऑक्ताव्ह (ही भूमिका स्वतः रन्वारचीच) क्रिस्तीनबरोबर पळून जाण्याचा विचार ऐनवेळी सोडतो आणि आपला ओव्हरकोट देऊन वैमानिक ज्यूरियूला तिच्याकडे धाडतो. दोन्ही कृती मायेपोटीच्या. शिकाररक्षक शूमाखर, लिझेतचा नवरा, प्रावरण ओळखतो. ते त्यानेच तिला दिलेले असते. तो गोळी झाडतो. ज्यूरियू मरतो.

यापेक्षाही बोलका भेद निराळाच आहे. बोमार्शेकडे अदलाबदल पूर्ण होते. दासीही मालकीण होते. येथे ती अर्धीच राहते. क्रिस्तीन लिझेत भासते, लिझेत मात्र क्षणभरही क्रिस्तीन होत नाही. चित्रपटात मालक व नोकर यांचे प्रेमव्यवहार एकमेकांची प्रतिबिंबे वाटतात खरे. पण वेषबदलाची ही एकेरी दिशा त्या समांतरतेची मर्यादा दाखवून देते.

त्यामुळे प्रहसनाच्या शेवटी अपेक्षित असलेले सार्वजनिक प्रकटीकरणही घडत नाही. क्रिस्तीनचा नवरा रोबेर पायऱ्यांवर उभा राहून पाहुण्यांना सांगतो की, शूमाखरला शिकारचोर दिसल्याचा भास झाला व त्याने आपले कर्तव्य म्हणून गोळी झाडली. म्हणजे मृत माणसाला आणखी एक, तिसरीच ओळख बहाल होते. ‘अपघात’ शब्दाची ही नवी व्याख्या म्हणायची, असे एक पाहुणा कुत्सितपणे सुचवतो. वृद्ध सेनाधिकारी त्याला अडवून रोबेरच्या खानदानीपणाची प्रशंसा करतो, आणि भिंतीवरून सरकणाऱ्या सावल्या आत जातात.