यंत्राचा अक्षरादेश आणि हस्तलिखिताचा पाठ

प्राचीन हस्तलिखितांच्या नकला संगणकावर उतरून घेऊन, मागाहून त्यांतील अक्षरें आज्ञेच्या एका फटक्यासरशीं बदलून घेण्याची पद्धति हल्लीं संशोधकांत व संग्राहकांत रूढ होत चालली आहे. पर्ल (इ. स. १९८७) व पायथन (इ. स. १९९१) या आज्ञालेखनाच्या भाषांत हें काम दोन ओळींत होतें, आणि ज्यास एखाद्या कारकुनाचा महिना खर्ची पडला असता तें पापणी लवण्यापूर्वीं आटोपतें. या पद्धतीचे गुण आम्हांस मान्य आहेत. परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीनें तिचें परीक्षण होणें अवश्य आहे. कारण माणसाच्या हातून बिघडलेला पाठ बहुधा बिघडलेला दिसतो. यंत्राच्या हातून बिघडलेला पाठ स्वच्छ, एकसारखा आणि म्हणूनच विश्वसनीय दिसतो.

अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर योजण्याची कल्पना यंत्राबरोबर आलेली नाहीं. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांमध्यें 'म्लेच्छितविकल्प' ही एक कला सांगितली आहे. तिजवर जयमंगला टीकेंत यशोधरानें मूलदेवाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली योजना दिली असून तींत त आणि प, न आणि म, ख आणि ग अशा जोड्या लावून प्रत्येकानें आपल्या जोडीदाराची जागा घ्यावी असा संकेत आहे. जोडी परस्परांची असल्यामुळें पाठ गूढ करण्यास व उकलण्यास एकच कोष्टक पुरतें.

मराठींत याच जातीची, परंतु स्वतंत्र घडणीची योजना म्हणजे महानुभावांची सकळ लिपि. परंपरा तिचें कर्तृत्व रवळोव्यासाकडे देते. सुंदरी, अंक, शून्य, वज्र इत्यादि आणखीही लिपि पंथांत होत्या. त्यामुळें पंथाचें विपुल वाङ्मय कित्येक शतकें बाहेरच्या वाचकांस बंद राहिलें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या लिपीचा उलगडा केला, आणि वि. ल. भावे प्रभृतींच्या परिश्रमानें तें वाङ्मय सर्वांपुढें आलें. श्रीरामपूर तालुक्यांत गोदातीरीं कमालपूर येथें महानुभावांचें डोमेग्राम हें स्थान आहे. तेव्हां या भागांतील संग्राहकांस हा विषय परका नाहीं. या इतिहासांतील ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, सकळ लिपीनें पाठ झांकला, पण नष्ट केला नाहीं. कोष्टक हातीं येतांच तो परत मिळाला. कारण तें कोष्टक उलट चालवितां येत होतें.

आमच्या मतें अक्षरबदलाची खरी कसोटी हीच होय. जो बदल उलटतां येतो तें लिप्यंतर. जो उलटतां येत नाहीं तो पाठांत केलेला हस्तक्षेप, मग तो माणसानें केलेला असो कीं यंत्रानें. हल्लींच्या यांत्रिक बदलांस ही कसोटी लावून पाहूं.

प्रथम क्रमाचा दोष. मूलदेवी योजनेंतील त-प ही एकच जोडी घ्यावी. ती 'पतन' या शब्दास लाविली असतां 'तपन' आलें पाहिजे, आणि 'तपन' यास लाविली असतां 'पतन'. पायथनमधील 'रिप्लेस' ही आज्ञा एका वेळीं एकच बदल सबंध अक्षरमाळेवर करते. नवशिका मनुष्य आधीं 'त काढून प घाल' व नंतर 'प काढून त घाल' अशा दोन आज्ञा देतो. पहिलीनें 'पतन' व 'तपन' या दोहोंचेंही 'पपन' होतें. दुसरीनें दोहोंचेंही 'ततन' होतें. आतां कोणतेंही कोष्टक आणिलें तरी मुळांत पडणें होतें कीं तापणें होतें हें सांगतां येणार नाहीं. याच भाषेंतील 'ट्रान्सलेट' आणि पर्लमधील 'टीआर' या आज्ञा सबंध कोष्टक एकदम हातीं घेऊन प्रत्येक अक्षरास एकदांच स्पर्श करतात. त्यांत हा दोष संभवत नाहीं. संस्कृतज्ञांस हा भेद नवा वाटूं नये. स्थानी व आदेश समसंख्य असतां त्यांचा संबंध अनुक्रमानें, पहिल्यास पहिला व दुसऱ्यास दुसरा, असा लावावा हें पाणिनीनें १.३.१० या सूत्रांत सांगून ठेविलें आहे. आणि एका सूत्राचें फळ दुसऱ्यानें केव्हां पाहूं नये याची व्यवस्था ८.२.१ पासूनच्या असिद्धप्रकरणांत केली आहे. आदेशांचा क्रम हा व्याकरणाचा विषय आहे, हाताच्या संवयीचा नव्हे.

दुसरा दोष संदर्भाचा. जुन्या पोथ्यांत ख-च्या ठिकाणीं ष लिहिण्याचा प्रघात सर्वांस ठाऊक आहे: 'देषिलें', 'लिषित', 'सुष'. वाचकाच्या सोयीसाठीं सर्वत्र ष काढून ख घालावा अशी आज्ञा दिली म्हणजे हे शब्द सुधारतात खरे. पण त्याच झटक्यांत 'पुरुष' याचा 'पुरुख' आणि 'कृष्ण' याचा 'कृख्ण' होतो. पंचकृष्णांस भजणाऱ्या पंथाच्या ग्रंथांत कृष्णाची ही दशा व्हावी यापरती थट्टा कोणती? शिवाय डोळ्यांस क्ष हें एक अक्षर दिसलें तरी संगणकाच्या लेखीं तीं क, हलन्त व ष अशीं तीन चिन्हें आहेत. म्हणून 'लक्ष्मी' हिचीही 'लक्ख्मी' होते. यावर आसपासचीं अक्षरें पाहून बदल करणाऱ्या नमुन्याच्या आज्ञा असतात, आणि क्ष, ष्ण, ष्ट हे अपवाद आधीं बाजूस काढितां येतात. उत्सर्गापूर्वीं अपवाद पाहावा हा आपला जुनाच न्याय होय. परंतु 'वेष', 'रोष', 'भाषा' हे शब्द शेजारच्या अक्षरांवरून ओळखूं येत नाहींत. तेथें शब्द जाणणारा वाचकच पाहिजे.

तिसरा दोष अदृश्य चिन्हांचा. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूस. हा अर्धा रकार युनिकोडाच्या व्यवस्थेंत दोन रीतींनीं लिहिला जातो. एकींत ऱ हें निराळें अक्षर व हलन्त येतात; दुसरींत साधा र, हलन्त आणि त्यापुढें एक डोळ्यांस न दिसणारी जोडखूण येते. पाठ 'स्वच्छ' करण्याच्या हेतूनें अदृश्य खुणा सरसकट पुसून टाकण्याची आज्ञा पुष्कळ ठिकाणीं दिली जाते. तिनें दुसऱ्या रीतीचा अर्धा रकार जाऊन रफार होतो. घाटवाटेच्या वर्णनांत समुद्र शिरतो व मुदपाकखान्याच्या हिशेबांत आचार्य येऊन बसतो. पोथी पुढें ठेवून ताडून पाहिल्यावांचून हें ध्यानांत येणार नाहीं, कारण प्रत्येक शब्द शुद्ध मराठीच आहे.

युनिकोडपूर्व टंकांत उतरविलेल्या नकलांविषयीं थोडें सांगणें पुरे. त्या टंकांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत, आणि ह्रस्व इकार जसा दिसतो तसा व्यंजनाच्या आधीं नोंदिला जाई. युनिकोडांत तो व्यंजनानंतर नोंदिला जातो. म्हणून 'स्थिति' हा शब्द नुसत्या अदलाबदलीनें नीट उतरत नाहीं. इकारास सबंध जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावें लागतें. येथें बिघडलेला शब्द निदान वेडावांकडा दिसतो, एवढा तरी लाभ आहे.

चौथा दोष सर्वांत घातक, कारण तो बुद्धिपुरस्सर केला जातो. १९६२ सालीं शासनमान्य झालेल्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हांपासून जुने छापील ग्रंथ व कागद नव्या रीतीस अनुसरून देण्याची प्रथा पडली, आणि आतां तें काम यंत्राकडे आलें. यंत्रास उच्चारित व अनुच्चारित अनुस्वार यांचा भेद कळत नाहीं. दोहोंस चिन्ह एकच. सर्व टिंबें पुसलीं तर 'गंगा' जाऊन 'गगा' राहते. केवळ दीर्घ स्वरांवरचीं पुसलीं तर 'शांति' व 'सिद्धांत' हे शब्द विद्रूप होतात. हे दोष सुधारून घेतां येतील. पण 'नांव' (नाम) आणि 'नाव' (होडी) एकदां एक झालीं म्हणजे त्यांस वेगळें करण्याचें साधन पाठांत उरत नाहीं. याहून मोठी हानि वचनाची. 'त्यांस वतन दिलें' यांतील टिंब गेलें कीं 'त्यास वतन दिलें' असें होतें. वतन अनेक भावांस मिळालें, कीं एकास, कीं एकासच आदरार्थीं बहुवचनानें, हा प्रश्न ज्या टिंबावर उभा राहावयाचा तेंच पुसलें गेलें. इतिहासाच्या कागदांत हा शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हे, पुराव्याचा आहे.

मोडींत अडचण उलट्या बाजूची आहे. २०१४ पासून मोडीस युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें आहे. परंतु मोडी लेखनांत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घभेद बहुधा पाळला जात नाहीं. म्हणून 'दिन' कीं 'दीन', 'सुत' कीं 'सूत' हें बाळबोधींत उतरतांना ठरवावें लागतें. यंत्र जेव्हां एका चिन्हासाठीं दोहोंपैकीं एक निवडतें तेव्हां तें लिप्यंतर करीत नसून अर्थ लावीत असतें.

या सर्वांचा सारांश एका साध्या तपासणींत येतो. जें अक्षर घालावयाचें तें मूळ पाठांत आधींच आहे काय, हें बदल करण्यापूर्वीं मोजून पाहावें. नसेल तर बदल निर्धास्तपणें करावा. तो केव्हांही उलटेल. असेल तर दोन वस्तु एकींत मिसळणार आहेत असें समजावें, व जोडीची अदलाबदल असल्यास सबंध कोष्टक एकदम लावावें. नंतर तेंच कोष्टक उलट लावून निघालेला पाठ मुळाशीं अक्षरशः जुळतो कीं नाहीं हें यंत्राकडूनच पाहून घ्यावें. न जुळल्यास तो बदल पाठांत न करितां, शोधण्याच्या सोयीसाठीं वेगळ्या प्रतींत करावा. 'नाव' असा शोध घेणाऱ्यास 'नांव'ही सांपडावें एवढ्याकरितां मूळ पुसण्याचें कारण नाहीं.

यंत्राच्या बाजूनें एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. पायथनमध्यें अक्षरमाळ एकदां निर्माण झाली म्हणजे ती बदलत नाहीं. 'रिप्लेस' ही आज्ञा नवी माळ करून देते व जुनी अबाधित राहते. मूळ नाहींसें होतें तें नवी माळ जुन्याच फाइलीवर लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या हातून. म्हणून पोथीवरून केलेली पहिली नक्कल, तींतील अशुद्धांसह, जशीच्या तशी निराळी ठेवावी. आणि तिच्यावर चालविलेलें प्रत्येक कोष्टक, त्याच्या क्रमासह व कर्त्याच्या नांवासह, आवृत्तीबरोबर प्रसिद्ध करावें.

ही अपेक्षा अवास्तव नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली तिच्या पानोपानीं पाठभेद दिलेले आहेत. संपादकानें काय स्वीकारलें व काय सोडलें हें वाचकास तेथल्या तेथें तपासतां येतें. महानुभावांनीं तर त्यापूर्वीं कित्येक शतकें ही शिस्त पाळली. लीळाचरित्राच्या पोथ्यांत हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नांवांवर त्यांचे त्यांचे पाठ नोंदिलेले आढळतात. ज्यानें निराळें सांगितलें त्याचें नांव त्या सांगण्याशेजारीं राहिलें. यंत्राकरवीं पाठ बदलणाऱ्यानेंही आपलें नांव त्या बदलाशेजारीं ठेवावें, यापलीकडे आमचें मागणें नाहीं.

पोथ्या कसरीच्या व ओलीच्या भक्ष्यस्थानीं पडत आहेत, आणि पुष्कळ ग्रंथांच्या बाबतींत पुढील पिढीच्या हातीं संगणकावरील नक्कल एवढीच साक्ष उरणार आहे. त्या साक्षीनें जें सांगावयाचें तें आपण आज ठरवीत आहों. संग्राहकांनीं आपल्या नकला दुसऱ्यांस देण्यापूर्वीं, व संशोधकांनीं त्या घेण्यापूर्वीं, मूळ नक्कल व कोष्टकें सोबत आहेत कीं नाहींत एवढें अवश्य विचारावें.