लोह कमी झालं, रुग्ण मात्र बिघडले

पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक 'फसलेली' चाचणी नीट वाचा. यशस्वी पेपरपेक्षा ती जास्त शिकवते. माझी निवड: डिसेंबर २०२२, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, पार्किन्सन्स आणि डेफेरिप्रोन.

आधी पार्श्वभूमी. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या सबस्टन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मृत रुग्णांच्या मेंदूत तिथे जास्त लोह सापडतं, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. मोकळं लोह पेशींना इजा करतं, हेही माहीत आहे. मग सरळ हिशोब: लोह काढा, पेशी वाचतील. डेफेरिप्रोन हे औषध लोहाला बांधून बाहेर काढतं. २०१४ मध्ये ४० रुग्णांच्या छोट्या चाचणीत त्याने आशा दाखवली होती.

मोठ्या चाचणीत युरोपातले ३७२ रुग्ण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, ३६ आठवडे. एमआरआयमध्ये लोह घटलेलं दिसलं. पण आजाराचा स्कोअर (जास्त म्हणजे वाईट) औषधाच्या गटात १५.६ने वाढला, प्लासिबोत ६.३ने. हे नुसते आकडे नाहीत. कपडे घालणं, लिहिणं, चालणं असल्या गोष्टी त्या स्कोअरमध्ये मोजल्या जातात.

असं का झालं असावं? छोट्या चाचणीतले रुग्ण आधीपासून डोपामाइनची औषधं घेत होते. इथे मुद्दाम लेव्होडोपा कधीच न घेतलेले निवडले. कारण पटण्यासारखं आहे: लेव्होडोपामुळे लक्षणं झाकली जातात. पण टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे डोपामाइन बनवण्याची गती ठरवणारं एन्झाइम, लोहाशिवाय चालत नाही. लोह काढलं की उरलेल्या पेशींचंही उत्पादन घटू शकतं. औषधाच्या गटातल्या २२ टक्के जणांना मध्येच डोपामाइनचे उपचार सुरू करावे लागले, प्लासिबोत फक्त २.७ टक्क्यांना. हा आकडा त्याच दिशेने बोट दाखवतो.

माझा आक्षेप इथेच आहे. पेशी जास्त मेल्या, की जिवंत पेशींनी डोपामाइन कमी बनवलं? या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही. लेव्होडोपा घेणाऱ्यांचा एक गट सोबत ठेवला असता, तर निदान अंदाज आला असता. आणि एन्झाइमची ही गरज बायोकेमिस्ट्रीच्या पाठ्यपुस्तकात आधीपासून आहे.

तरी या पेपरची बाजूही मांडायला हवी. प्लासिबो गट होता, मुख्य निकष स्पष्ट होता आणि विरोधात गेलेला निकाल लपवला नाही. म्हणूनच तर आपण आज ही चर्चा करू शकतो.

तुमच्या प्रस्तावात 'अमुक गोष्ट रोग्यांमध्ये जास्त आढळते' असं वाक्य असेल, तर खाली आणखी दोन प्रश्न लिहा. ती रोगाआधी वाढली की रोगामुळे? आणि निरोगी पेशीत ती काय काम करते? दुसऱ्याचं उत्तर येत नसेल, तर ती काढून टाकायचा प्रयोग अजून आखू नका.