प्रतिमासंयोग, फाळके यांच्या चित्रपटांतील
एकावर दुसरी प्रतिमा चढवून नवा दृश्यार्थ साधण्याचे तंत्र. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले; या तंत्राची ओढ त्या अभ्यासाशी सुसंगतच होती. एक दृश्य मंदावत असता त्याच फिल्मवर दुसरे उजळत नेले, की असा संयोग घडतो. कालिया मर्दन (१९१९) या मूकपटाच्या प्रारंभी त्यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे मुखभाव दाखविते. मग तोच चेहरा विरून कृष्णरूप उमटते. देव दाखविण्यापूर्वी त्याची भूमिका करणारी मुलगी दाखविणे, हे धाडसच होय. युक्ती उघड होऊनही श्रद्धाभाव ढळत नाही. पुढील कालियाशी झुंज अधिक दिपविते; कलादृष्ट्या मात्र हा प्रारंभच सरस आहे.