प्रश्नमंजूषेत अडकलेला इतिहास

जुन्या घरगुती व्हिडिओ गेमचा इतिहास सांगण्याचा धंदा सध्या तेजीत आहे, आणि त्यातला बहुतेक माल प्रश्नमंजूषेच्या लायकीचा आहे. पहिला कन्सोल कोणता? मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७२. निन्टेंडोची सुरुवात कशाने झाली? १८८९मध्ये, हानाफुदाच्या पत्त्यांनी. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचऱ्यातून २०१४मध्ये अटारीच्या 'ई.टी.' या खेळाच्या कॅसेट उकरून काढल्या, ती जागा तर या मंडळींचं पंढरपूरच झाली आहे.

'ई.टी.' लिहिणारा हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या कथेत येतो तो पाच आठवड्यांत खेळ उरकून उद्योग बुडवणारा म्हणून. त्याच १९८२ साली त्याचाच 'यार्स रिव्हेंज' आला होता. त्यात पडद्यावर जो उभा झगमगता पट्टा दिसतो, तो खुद्द खेळाचा प्रोग्राम आहे. चित्र साठवायला जागा नव्हती, तेव्हा पठ्ठ्याने प्रोग्रामचेच बाइट रंगवून पडद्यावर सोडले. कोणत्या क्विझमध्ये विचारतात हे?

हे विचारलं ते निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांनी, 'रेसिंग द बीम'मध्ये (२००९). अटारी व्हीसीएस हे एकच यंत्र आणि त्यावरचे सहा खेळ, एवढाच पुस्तकाचा आवाका. पण पुढच्या लेखनाला दिशा दिली ती त्यानेच. १९७७च्या या यंत्राची मेमरी १२८ बाइट. अशी दोन वाक्यंसुद्धा त्यात मावणार नाहीत. पूर्ण चित्र साठवण्याची सोयच नाही. टीव्हीचा किरण डावीकडून उजवीकडे धावत असताना प्रत्येक रेघ त्या त्या क्षणी रचायची, तीही प्रोसेसरच्या ७६ ठोक्यांत. हे कळलं की अटारीच्या 'पॅक-मॅन'मधली लुकलुकणारी भुतं वेगळी दिसू लागतात. यंत्राजवळ खेळाडूंच्या आकृत्या दोनच. प्रोग्रामर टॉड फ्रायने एक पॅक-मॅनला दिली आणि दुसरीत चारही भुतं आळीपाळीने काढली, ४ केबीच्या कॅसेटमध्ये. 'मिस पॅक-मॅन' सरस दिसते खरी, पण तिला ८ केबी मिळाले होते. आणि डेव्हिड क्रेनचं 'पिटफॉल'! जंगलाचे २५५ देखावे, आणि एकही साठवलेला नाही. एका छोट्याशा सूत्रातून पुढचा, तेच उलटं चालवून मागचा. नेथन आल्टिसने 'आय ॲम एरर'मध्ये (२०१५) निन्टेंडोच्या फॅमिकॉमची अशीच चिरफाड केली.

बाकीच्यांबद्दल काय लिहायचं? 'कन्सोल वॉर्स' हे पुस्तक म्हणजे विक्री विभागाच्या बैठकांचं नाट्यरूपांतर. जुन्या यंत्रांचे मिनी कन्सोल म्हणजे आठवणींचा किरकोळ व्यापार.

'पहिला कोणता?' विचारण्याचा हा सोस निरुपद्रवी असता तर मी गप्प बसलो असतो. अटारीच्या 'ॲडव्हेंचर'मध्ये वॉरन रॉबिनेटने आपलं नाव लपवलं, ते जगातलं पहिलं ईस्टर एग (खेळात लपवलेली खूण) म्हणून वर्षानुवर्षं मिरवलं गेलं. मग १९७७च्या 'स्टारशिप १'मधला छुपा संदेश सापडला आणि उत्तर चुकीचं ठरलं. पण त्याने रॉबिनेटच्या कृतीचं वजन कमी झालं का? मुळात नाव लपवावं लागलं, कारण अटारी प्रोग्रामरचं नाव छापतच नव्हती. ते भांडण श्रेयाचं होतं. त्याच रागातून क्रेन आणि त्याचे सहकारी बाहेर पडले, १९७९मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली, आणि माहितीपुस्तिकेत प्रोग्रामरचा फोटो आला. क्विझवाल्यांनी या भांडणाची गंमत करून टाकली.

तीच गोष्ट व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या '१९८३च्या पडझडी'ची. पडझड अमेरिकेची, जपानात त्याच वर्षी जुलैमध्ये फॅमिकॉम विक्रीला आला. तरी कन्सोलच्या 'पिढ्यां'ची गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते ती अमेरिकी दुकानांच्या नजरेतून. महाराष्ट्रात फॅमिकॉमची ही 'तिसरी पिढी' बहुतेक घरांत पोहोचली ती नव्वदच्या दशकात, नकली फॅमिकॉमच्या रूपात, '९९९९ इन १' छापलेल्या कॅसेटसह. आत मोजकेच खेळ. नाव बदलून, कधी सुरुवातीचा टप्पा बदलून, तेच पुन्हा यादीत. ती यादीही कुणीतरी बसून लिहिलीच होती, आणि त्याचं नाव तर लपवलेलंसुद्धा सापडत नाही. चोरीचा माल म्हणून तिच्याकडे पाठ फिरवायची तर खुशाल फिरवा. पण मग जगाचा इतिहास लिहिल्याचा आव तरी आणू नका.